चार बोटं उंच ओटा

घर माझं आहे. नगरपालिकेच्या दप्तरात माझं नाव आहे, घरपट्टी माझ्या नावानं येते, गेटवरची पाटीही माझीच. तरीपण सहा वर्षं अशी काढली की त्या घरात गेले आणि तहान लागली, तर नळ कुठल्या बाजूला फिरवायचा हे मला भाडेकरूला विचारावं लागायचं. जगातले सगळे नळ डावीकडं फिरवले की सुरू होतात. माझ्या स्वयंपाकघरातला उजवीकडं फिरवला की व्हायचा. पुढचं दार उघडायचं तर कडी काढून दाराला खालून पायाच्या अंगठ्यानं जरा उचलायचं. बाहेरच्या खोलीतल्या दिव्याचं बटण न्हाणीघराच्या भिंतीवर. हौदातली मोटर सुरू करायची तर बटण दाबून मनातल्या मनात पाच अंक मोजायचे, बंद करायचं आणि पुन्हा दाबायचं. एकदाच दाबलं तर ती नुसती गुरगुरायची.

ही सगळी महादेवअप्पांची कामं. अप्पा माझे भाडेकरू. वारले वगैरे नाहीत, उमरग्याला मुलाकडं खुशाल आहेत, म्हणून त्यांच्यावर मोकळेपणानं चिडता येतं.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ईट गावात. मी तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. उन्हाळ्यात शाळेच्या आवारातला हापसा बंद पडला. पोरी घरून बाटल्या आणायच्या आणि दुपार व्हायच्या आत त्या संपायच्या. मुख्याध्यापकांनी अर्जावर अर्ज केले, तेव्हा कुठं एका सकाळी दुरुस्तीची जीप आली आणि तिच्यातून अप्पा उतरले. उंच, वाळके, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पायात जाड चामड्याची चप्पल. आल्या आल्या त्यांनी पाना काढला नाही. गुडघ्यावर बसून पाइपाला कान लावला आणि एका मुलीला हापसायला सांगितलं. मग म्हणाले, "वायसर गेलाय."

सोबतच्या माणसानं पेटी धुंडाळली. तसला वायसर नव्हता. तो म्हणाला, उद्या घेऊन येऊ. अप्पांनी बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या पोरींकडं पाहिलं, पायातली चप्पल काढली आणि चाकूनं तिच्या टाचेचं चामडं गोल कापून घेतलं. पाइप उपसून, तो वायसर बसवून, पुन्हा सोडेपर्यंत चार वाजले, पण पाणी आलं. जाताना त्यांनी मुलींना बजावलं, "दांडा वर नेला का जरा डाव्या अंगाला दाबायचा, मंग खाली आणायचा. सरळ हापसलाव तर येणार न्हाय." आणि एका पायात धड चप्पल, दुसऱ्या पायात बिनटाचेची, अशा थाटात ते जीपमध्ये बसले.

मुलींना ती खुबी दोन दिवसांत जमली. मुख्याध्यापकांना बदली होईपर्यंत जमली नाही. मी मात्र त्या दिवशी फक्त कापलेली चप्पल पाहिली आणि भारावून गेले. डाव्या अंगाचं बोलणं कानावर पडलं होतं, पण तेच पुढं माझ्या घरात राहायला येणार आहे हे काही सुचलं नाही.

पुढच्याच वर्षी अप्पा रिटायर झाले. बायकोच्या, काशीबाईंच्या, कमरेचं ऑपरेशन धाराशिवला झालं होतं आणि डॉक्टरांकडं सारखं दाखवावं लागे, म्हणून ते तिथं दोन खोल्या शोधत होते. माझं तिथलं घर रिकामं होतं. मी ते नुकतंच बांधलं होतं आणि माझी नोकरी ईटला. रिटायर झाल्यावर राहायला जायचं म्हणून बांधलेलं घर. तोवर कुणीतरी माणूस असलेला बरा. टाचेचं चामडं कापून देणारा माणूस माझं घर वाऱ्यावर सोडणार नाही, असा माझा हिशेब. तो चुकला असंही म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

घराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा राग कळायचा नाही. माझी उंची कमी. लग्नानंतर सासरी ओटा सासूबाईंच्या मापाचा, उंच. पाटावर उभी राहून स्वयंपाक केला. नवरा गेला, नोकरीला लागले, तेव्हापासून भाड्याच्या खोल्या. जिथं जाईल तिथं ओटा दुसऱ्याच्या मापाचा आणि माझ्या पायाखाली पाट. घर बांधायला काढलं तेव्हा गवंड्याला मी रंग, फरशी, खिडक्या काहीच सांगितलं नाही. म्हटलं, तुला हवं ते कर, फक्त ओटा माझ्या मापाचा कर. त्यानं मला भिंतीपाशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि तिथून खाली माप घेतलं. त्यावर काळा कडाप्पा बसवला. वास्तुशांतीच्या दिवशी मी त्या ओट्यावर फक्त दूध तापवलं आणि कुलूप लावून ईटला परत गेले. त्या एका दुधाच्या भांड्यावर मी पुढची सहा वर्षं काढली.

अप्पा राहायला आले आणि पंधराच दिवसांत त्यांचा फोन आला. मी चौथीच्या वर्गावर होते.

"बाई, मोरीतला नळ गळतोय. काय करावं?"

ईटला मी स्वतः भाडेकरू होते. माझा तिथला मालक असा, की कॅलेंडर लावायला खिळा ठोकायचा तरी त्याला विचारायचं. मग तो येणार, भिंत बघणार, च्च् च्च् करणार आणि "बघू" म्हणून जाणार. त्या "बघू"ला मी इतकी विटलेली होते की आपण तसं वागायचं नाही हे मनाशी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून फोनवर मोठ्या मनानं म्हणाले, "अप्पा, बारीकसारीक काय असेल ते तुम्हीच करून घेत चला. मला विचारू नका."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. "मला विचारू नका" हे तीन शब्द लोक सौजन्य म्हणून बोलतात. अप्पांनी ते सरकारी आदेशासारखे जपून ठेवले. त्यानंतर त्यांनी मला कधीही काहीही विचारलं नाही.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. ईटहून भूम, भूमहून धाराशिव, दोन एसट्या, अंग खिळखिळं. दारात पोचावं तर दार उघडेना. आतून अप्पांचा आवाज यायचा, "अंगठ्यानं उचला बाई, अंगठ्यानं!" दार उतरलं होतं, त्याला त्यांनी लोखंडी गेटची बिजागरी लावली होती. नवी बिजागरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती. पण अप्पांना नवी वस्तू आणणं म्हणजे हार मानणं वाटे. "नवं काय, कुनीबी आणतंय," ते म्हणायचे. त्यांच्याकडं एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आयुष्यभर उघडलेल्या हापशांचे नट, साखळ्या, छर्रे, चामड्याचे तुकडे होते. माझ्या घराला लागणारी प्रत्येक वस्तू त्या ट्रंकेतून निघे, आणि ती हापशासाठी बनलेली असल्यामुळं माझ्या घरात हापशासारखीच वागे.

सकाळी त्यांची पूजा झाल्याशिवाय पान्याला हात नाही. पूजा झाली की घरभर एक फेरी. भिंतीला कान, पाइपाला कान, मोटरीला कान. तोंडात कायम एक वायसर धरलेला, सुपारीसारखा. त्यामुळं मी रागानं काही विचारलं तरी उत्तर अस्पष्ट यायचं आणि माझा राग आणखी वाढायचा.

"अप्पा, दिव्याचं बटण न्हाणीघरात का गेलं?"

वायसर तोंडातून काढून ते शांतपणे सांगायचे, "जुनी वायर जळली व्हती. तितवरच धड होती."

"मग नवी वायर ओढायची ना. निदान मला विचारायचं."

"तुमीच म्हणलाव न्हवं, इचारू नका म्हणून?"

आणि वर ते हमखास म्हणायचे, "आगतद बाई, आगतद." त्यांचं आजोळ, म्हणजे आईचं गाव, सीमेपलीकडचं. घरात निम्मं कानडी. आगतद म्हणजे होतंय, होऊन जाईल. मी सहा वर्षांत हा शब्द इतक्या वेळा ऐकला की मला वाटतं मला तेवढीच कानडी येते आणि तेवढीही नको होती.

काशीबाई एकदा मला म्हणाल्या, "त्येंचं मनावर घेऊ नका. जलमभर तसंच काम केलंय." त्या अप्पांच्या जोडीला शोभतील अशाच उंच होत्या, ऑपरेशननंतर एक हात कमरेवर ठेवून सावकाश चालायच्या. त्यांनी सांगितलं की दुष्काळाच्या सालात अप्पा कधी कधी तीन तीन दिवस घरी येत नसत. एका गावचा हापसा चालू केला की पुढच्या गावचा निरोप. सामान कधीच पुरं नसे. अप्पा ऐकत होते. ते मध्येच म्हणाले, "बाया घागरी घिऊन हुब्या असायच्या बाई. लाईन पार येशीपतुर. तितं उद्या येतो म्हणून कसं चालंल? हाय त्यात चालू करायचं. मंग कुनीकडनं दाबायचं ते सांगायचं आन् फुडल्या गावाला जायचं."

ऐकून मला वाईट वाटलं. पण माझ्या घरासमोर कुणी घागर घेऊन उभं नव्हतं. नीट करायला वेळ होता, दुकान कोपऱ्यावर होतं, आणि मी नीट करा म्हणून ओरडत होते.

हौदाचं प्रकरण तर कॉलनीत अजून सांगतात. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी. सगळं घर त्या हौदावर. हौद पाझरायला लागला होता, आणि अप्पांनी तो आतून गिलावा करायला काढला, अर्थातच मला न विचारता. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तर गिलाव्याचा तिसरा दिवस आणि नळाचा आठवा. नळाला धो धो पाणी, आणि अप्पा ते हौदात सोडू देईनात.

"कच्चाय अजून. सात दिस नुसतं शिंपडायचं, भरायचं न्हाय."

"अहो, मग पुढचे आठ दिवस प्यायचं काय?"

"आगतद."

घरातली पातेली, पिंप, कुकर, अगदी काशीबाईंचा पिठाचा डबासुद्धा भरला. उरलेलं पाणी अप्पांनी पाइप लावून शेजारच्या तीन घरांच्या हौदांत सोडलं. मग आठवडाभर शेजारच्या बायका रोज कळशी कळशी आणून देत होत्या. त्यातली एक मला गेटवर म्हणाली, "बाई, तुमचं पाणी आमच्याकडं ठिवलंय, काळजी करू नका." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. दिवाळीची अंघोळ मी तांब्याभर पाण्यात उरकली आणि अप्पा तेच अंघोळीचं पाणी मोरीतून गोळा करून गिलाव्यावर शिंपडायला घेऊन गेले.

तो हौद मात्र त्यानंतर थेंबभर पाझरला नाही. आजतागायत नाही. हे मला लिहायला आवडत नाही, पण खरं आहे.

शेवटी मी एक चांगला प्लंबर गाठला. त्याला घेऊन गेले आणि म्हटलं, या घरातलं सगळं इतर घरांसारखं करून दे. त्यानं तासभर बघितलं. नळ फिरवला, उलटा फिरवला, मोटरीपाशी बसला. अप्पांनी त्याला चहा दिला आणि प्रत्येक वस्तूची कुळकथा सांगितली. मी बाहेर येऊन पाहते तर दोघं ट्रंकेपाशी मांडी घालून बसलेले. प्लंबर मला म्हणाला, "बाई, ह्यातलं येक काढलं तर समदं उघडावं लागंल. चालतंय तवर चालू द्या." जाताना त्यानं अप्पांच्या पाया पडून एक चामड्याचा वायसर मागून घेतला. मी आणलेला माणूस, माझ्यासमोर!

हे सगळं मी सोसलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की एवढं व्हायचंच, अशी मनाची समजूत घातली. पण चौथ्या वर्षी, मे महिन्यात, मी गेले. चहा झाला. काशीबाईंना वाकायचा त्रास नको म्हणून कपबशा विसळायला मी स्वयंपाकघरात शिरले. कपबशा ठेवायला हात पुढं केला आणि माझं कोपर वर गेलं.

आधी कळलंच नाही. मग मी दोन्ही हात कडाप्प्यावर ठेवले. खांदे उचलले गेले. सासरच्या स्वयंपाकघरात उचलले जायचे तसेच. खाली वाकून पाहिलं तर कडाप्प्याखाली विटांचा एक नवा थर होता. चार बोटं.

"अप्पा!" मी ओरडले. शाळेत कुणावर इतकी ओरडले नसेन.

ते वायसर तोंडात धरूनच आले. माझ्या चेहऱ्याकडं बघून तो काढला. "काशीला वाकवत न्हाय बाई. भाकरी थापताना कंबर धरून बसायची. म्हणून कडाप्पा उचलला, येक थर घेतला, परत ठिवला. वरखडा सुदिक गेला न्हाय बगा."

"हा ओटा माझ्या मापाचा होता. मी माप देऊन करून घेतला होता."

"तुमीच म्हणलाव..."

"नळ वेगळा, ओटा वेगळा! बारीकसारीक म्हणजे ओटा नव्हे!"

ते हातातला वायसर उलटासुलटा करत राहिले. मग म्हणाले, "जाताना खाली करून देतो. आगतद."

मी रडले असते, पण काशीबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्या नगं म्हणलं व्हतं बाई." त्यांचा चेहरा इतका ओशाळला होता की मला त्यांच्यावर चिडताही येईना. माझा राग निवावा म्हणूनच बहुतेक, त्या खिडकीकडं बोट करून म्हणाल्या, "आता हुबं राहून थापता येती, म्हणून बाहीर नजर जाती. ह्ये बाजारला निघाले का पार नाक्यापतुर दिसत्यात. नाक्यावर येकदा वळून बगत्यात."

"कशाला?"

"काय आणायचं राहिलं का म्हणून. म्या हात वर केला तर वापस येत्यात. न्हाय केला तर जात्यात." आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

मी खिडकीतून पाहिलं. मला शेजाऱ्यांच्या कंपाउंडची भिंत आणि तिच्यावरच्या काचा दिसल्या. मान उंचावली तर भिंतीमागच्या टाकीचं झाकण दिसलं. नाका कुठंच नव्हता.

मी रिटायर होण्याच्या आधीच्या थंडीत काशीबाई गेल्या. चार दिवसांचा ताप काय तो. मी भेटायला गेले तेव्हा अप्पा बाहेरच्या खोलीत बसले होते आणि तोंडात वायसर नव्हता. त्या दिवशी मी घराचा विषय काढला नाही. पाणी प्यायला आत गेले, नळ सवयीनं डावीकडं फिरवला, तो घट्ट झाला, आणि बाहेरून अप्पा हळूच म्हणाले, "उजवीकडं, बाई."

एप्रिलमध्ये मी फोन केला. म्हटलं, अप्पा, मी मे अखेर रिटायर होतेय, आता मला माझ्या घरात यायचंय. वाटलं होतं कुरकुर करतील. ते लगेच म्हणाले, "या की. घर तुमचंय. वटा तेवढा खाली करून देतो, मंग जातो."

मे संपला. ईटची खोली सोडून मी सामानासकट येरमाळ्याला भावाकडं जाऊन राहिले. जून गेला. दर आठवड्याला फोन. "ओटा झाला का?" "आगतद." जुलै आला. भाऊ म्हणाला, "ताई, ह्यो मानूस घर सोडत न्हाय बग. वट्याचं नुसतं निमित्त हाय." मलाही तसंच वाटायला लागलं. ज्यानं जन्मात कुणा बाईला उद्या येतो म्हटलं नाही, तो माझ्या एका थराच्या विटांना तीन महिने लावतो? भावाच्या घरात पाहुणी म्हणून किती दिवस राहायचं? रिटायर झालेल्या बाईला कुणाच्याही घरात चौथ्या आठवड्यापासून आपली अडचण होतेय हे कळायला लागतं.

एके दिवशी न सांगता गेले. दार अंगठ्यानं उचलून आत शिरले. अप्पा स्वयंपाकघरात ओट्यासमोर खाली बसले होते. शेजारी छिन्नी, हातोडा, रिकामं घमेलं. ओट्याला साधा ओरखडा नव्हता.

"अप्पा, हे काय?"

"आजच काढणार व्हतो."

"काल काय करत होता? मागचे तीन महिने काय करत होता?" माझा तोल सुटला. "तुम्ही घर रिकामं करा. ओट्याचं मी बघते. गवंडी बोलावते, दोन तासांत फोडून टाकते."

फोडून म्हटल्यावर त्यांनी वर पाहिलं. "न्हाय. म्या केलंय, म्याच करणार. आठ दिस द्या." इतकं ठामपणे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी दार आपटून निघाले. म्हणजे आपटायचा प्रयत्न केला, ते आपटतही नाही.

आठव्या दिवशी सकाळी फोन आला. "या बाई. झालं."

मी भावाच्या टेम्पोत सामान घालून पोचले. गेटाशी रिक्षा उभी, तिच्यात ट्रंक, दोन पोती, गाठोडं. अप्पा पायरीवर बसले होते. मी सरळ स्वयंपाकघरात गेले.

ओटा तसाच होता. तसूभरही खाली आला नव्हता. ओट्यासमोरची जमीन मात्र वर आली होती. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, विटांच्या एका थराची रुंद पायरी, वर जुन्या शहाबादी फरशीचे तुकडे नीट जुळवून बसवलेले. ओली होती. सिमेंटचा वास येत होता.

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. आयुष्यभर ज्या पाटावर उभी राहिले, तो पाट या माणसानं माझ्या घरात सिमेंटनं पक्का करून दिला होता.

अप्पा मागं येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "वटा फोडायला हात उठंना बाई. रोज छिन्नी घिऊन बसलो. म्हणून जमीन वर घेतली."

मी वाकून फरशीच्या सांध्याला बोट लावलं, ते सिमेंटनं भरलं.

"सात दिस वर पाय ठिवू नका," ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ पाणी मारा." गेटपाशी जाऊन रिक्षात बसले, पुन्हा डोकं बाहेर काढून म्हणाले, "आन् शेजाऱ्याच्या टाकीचा वॉल गेलाय, थेंब थेंब चाललंय. सांगा त्यांना."

तर अशी मी माझ्या घरात राहायला आले. पहिले सात दिवस बाहेरच्या खोलीत, जमिनीवर गॅस ठेवून भात शिजवला. गवंड्याला फोन केला की ही पायरी आणि ओटा दोन्ही काढायचंय. तो म्हणाला, पंचमी झाल्यावर येतो. फोडायचीच आहे तर तिला पाणी कशाला मारायचं, हे मला कळत होतं. आठ दिवसांनी येणारं पाणी, त्यातलं तांब्या-तांब्याभर नको असलेल्या पायरीवर ओतायचं! पण सकाळी उठले की पाय तिकडं वळायचे. चडफडत बसायची आणि फरशीच्या सांध्यांवर पाणी शिंपडायची. मनात अप्पांना शिव्या आणि हातात तांब्या. एक वेळसुद्धा चुकवली नाही.

आठव्या दिवशी नळाला पाणी आलं, आणि मागोमाग दार अंगठ्यानं उचलून अप्पा आत आले. उमरग्याहून पहाटेच्या गाडीनं. मी काही विचारायच्या आत पायरीपाशी बसले, बोटाच्या पेरानं सगळीकडं ठोकून कान देऊन ऐकलं, आणि उठून म्हणाले, "हुबारा बरं."

मी पायरीवर उभी राहिले. का राहिले, माहीत नाही. शाळेत पोरांना उभं करायची सवय. मला कुणी उभं करून वर्षं झाली होती.

"हात ठिवा वट्यावर."

हात ठेवले. खांदे उचलले गेले नाहीत. कोपर जिथं यायला हवं तिथं आलं, गवंड्यानं भिंतीपाशी माप घेतलं होतं अगदी तसं. अप्पा माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हते. ते माझ्या कोपराकडं बघत होते, मग खांद्याकडं, मग डोक्याच्या वर कुठंतरी.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आता तुमची आन् काशीची उंची येक झाली."

चहा घेता का म्हटलं. नको म्हणाले, दहाची गाडी आहे. कडाप्प्याच्या टोकावर एकदा तळहात टेकवला, उचलला आणि निघाले. बाहेर दार खडखडलं, गेट वाजलं.

मी पायरीवरच होते. खिडकी समोर होती. शेजाऱ्यांच्या कंपाउंडवरच्या काचा आता खाली राहिल्या होत्या आणि त्यांच्यावरून रस्ता दिसत होता, पार नाक्यापर्यंत. अप्पा एका हातात पिशवी घेऊन चालले होते. पायातल्या चपला नव्या होत्या, मुलानं घेऊन दिल्या असतील. नाक्यावर ते थांबले आणि वळून खिडकीकडं पाहिलं.

राहिलं तर पुष्कळ होतं. नळ अजून उजवीकडं फिरत होता. दिव्याचं बटण न्हाणीघरात होतं. मोटरीला अजून पाच अंक मोजावे लागत होते. हात वर केला असता तर ते परत आले असते, याची मला खात्री आहे.

मी हात ओट्यावरच ठेवला. अप्पा जरा वेळ थांबले, मग वळले आणि स्टँडच्या रस्त्याला लागले.